चांगली लोंबी बियाण्याला, मोठा मासा बाजाराला



मिरीग तोंडावर आला की आपल्याकडं दोन कामं एकदम अंगावर येतात. घरात भाताचं बियाणं काढायचं आणि संस्थेत मत्स्यबीजाचं ठरवायचं. खानापूर तालुक्यात आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट या दोन्हीवर आहे, थोडं भात, थोडा मासा. म्हणून आज दोन्हीचं मिळून बोलूया. पोस्ट लांब आहे, पण सर्वसाधारण सभेच्या आधी वाचून या, एवढी विनंती.

बियाण्याचं कसं करतात ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. सुगीत उभ्या भातातनं भरलेल्या, एकसारख्या, रोग नसलेल्या लोंब्या नजरेनं हेरायच्या, वेगळ्या झोडायच्या, वाळवायच्या, कणगीत नाहीतर डब्यात जपून ठेवायच्या. घरात तांदूळ संपला तरी त्याला कुणी हात लावत नाही. बेळगावी बासमतीचा वास इतकी वर्षं टिकला तो अशाच हातांनी.

आता माशाचं बघा. तलावात जाळं ओढलं की पहिली नजर मोठ्या कटल्यावर. तो बर्फात घालून बेळगावला. मधला आठवड्याच्या बाजारात. आणि जो बारीक राहिला तो परत पाण्यात, "वाढू दे की अजून" म्हणून. भातात चांगलं ते बियाण्याला ठेवतो आणि राहिलेलं खातो. माशात चांगलं ते विकतो आणि राहिलेलं ठेवतो. बरोबर उलटं!

यात आपली काही चूक आहे असं नाही, मोठ्याला दर आहे म्हणून मोठा जातो. पण अशी निवड दहा-वीस पिढ्या चालली तर माशाच्या जातीचं काय होतं, हे आता अंदाजाचं राहिलेलं नाही. जगात ते मोजून बघितलंय. आणि त्यातलं एक मोजमाप आपल्याच कर्नाटकातलं आहे.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. गेल्या हंगामात आम्ही दोन ठिकाणांहून बीज आणलं. दोन्ही रोहू-कटलाच, दोन्ही बोटुकली. एका लॉटचा मासा वर्षात दिसण्यासारखा झाला. दुसरा लॉट खाऊन-पिऊन किलोच्या खालीच अडकला. सभासद विचारायला लागले, "मासा वाढंना झालाय वो, काय घातलासा पाण्यात?" ते बीज कुठलं हे इथं लिहीत नाही, कारण दोष नक्की कुणाचा हे आमच्यापाशी सिद्ध झालेलं नाही. दोन तलाव वेगळे, पाणी वेगळं, गर्दी वेगळी. मासा न वाढण्याचं पहिलं कारण नेहमी पाणी, दुसरं खाद्य, तिसरं दाटी. चिलापीचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, तलावात दाटी झाली की वीतभर व्हायच्या आतच पिल्लं काढायला लागते आणि पुढं वाढायचं नाव नाही. तीच चिलापी मोकळ्या पाण्यात टाका, चांगली मोठी होते. ते रक्तातलं नव्हे, परिस्थितीचं.

पण काही वेळा ते रक्तातलं असतं. पाणी बदललं, खाद्य बदललं तरी मासा तेवढाच राहतो, आणि त्याची पिल्लंही तेवढीच. हे दोन वेगळे कसे ओळखायचे ते शेवटी सांगतो. आधी रक्तातलं इतक्या झटपट बदलतं का, ते बघू. आपल्याला शाळेत शिकवलं की उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात. माशानं ते खोटं ठरवलंय.

गप्पी मासा सगळ्यांच्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं गटारीत, हौदात, विहिरीत सोडतात तोच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांत जंगली राहतो. तिथं ओढ्याला धबधबे आहेत. धबधब्याच्या खाली मोठे गप्पी खाणारे शिकारी मासे, वर ते चढू शकत नाहीत. डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सोबत्यांनी खालचे गप्पी उचलून वर सोडले, जिथं आधी गप्पी नव्हते. ११ वर्षांनी बघितलं तर वरचे गप्पी उशिरा वयात येत होते, अंगानं मोठे होऊन मग पिल्लं देत होते, पिल्लं कमी पण मोठी. का? तर खाली "लवकर पिल्लं दे, नाहीतर खाल्ला जाशील" असा हिशोब होता, वर ती घाई राहिली नाही. आणि ही नुसती परिस्थिती नव्हती. दोन्हीकडचे मासे आणून प्रयोगशाळेत एकसारख्या टाक्यांत, एकसारख्या खाद्यावर पिढ्या वाढवल्या, तरी फरक राहिला. म्हणजे वारशात उतरलेला. १९९० साली हे छापून आलं. गप्पीच्या पिढ्या धरल्या तर तीस ते साठ.

शिकारी माशाच्या जागी आता आपलं जाळं ठेवून बघा. मोठा मासा पकडणारं, वर्षानुवर्षं त्याच पाण्यात लागणारं. जो मासा बारीक अंगानं लवकर गाबोळीवर येतो तो जाळ्यात सापडायच्या आधी अंडी टाकून मोकळा. जो चार वर्षं वाढून मग अंडी टाकणार, त्याची पाळी येतच नाही. पुढच्या वर्षीची पिल्लं कुणाची? पहिल्याची.

हे कुणीतरी करून बघायला हवं होतं. ते अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी केलं, २००२ साली प्रसिद्ध झालं. सिल्व्हरसाइड नावाचा बोटभर चंदेरी मासा, वर्षात पिढी होते. समुद्रातनं आणलेल्या माशांचे सहा गट केले. दोन गटांतून दर पिढीला सगळ्यात मोठे ९० टक्के काढून टाकायचे आणि उरलेल्या बारक्यांची पैदास घ्यायची. दोन गटांत उलटं, बारके ९० टक्के काढायचे. उरलेल्या दोन गटांत चिठ्ठी टाकल्यासारखे कसेही काढायचे. सगळीकडं काढले तेवढेच, नव्वद टक्के. फरक फक्त कुठले काढले त्याचा.

चार पिढ्यांत निकाल आला. मोठे काढलेल्या गटाचा एकूण माल, म्हणजे किलोवर मोजलेला, बारके काढलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर. चार पिढ्या म्हणजे त्या माशाची चार वर्षं! आणि गंमत अशी की पहिल्या पिढीत मोठे काढणाऱ्याचाच फायदा दिसत होता. आपल्या पहिल्या वर्षाच्या ठेक्यासारखं.

पुढं त्यांनी निवड थांबवली आणि मासा आपसूक पूर्वपदावर येतो का ते पाहिलं. पाच पिढ्या सोडून दिलं तर निम्मंच भरून आलं. पूर्ण भरायला बारा एक पिढ्या लागतील असा त्यांचा हिशोब. बिघडायला जेवढ्या पिढ्या लागल्या त्याच्या दुपटीहून जास्त. आणि ज्या माशाची पिढी तीन-चार वर्षांची, त्याच्या बारा पिढ्या म्हणजे आपल्या नातवंडांचा काळ.

आता मुख्य मुद्दा, जनुकांचा. इतक्या लवकर बदल होतो तो नवीन काही तयार होऊन होत नाही. तेवढा वेळच नसतो. कळपात आधीपासून सगळ्या तऱ्हेची जनुकं विखुरलेली असतात, झटपट वाढणारी, सावकाश वाढणारी, लवकर वयात येणारी, थंडी सोसणारी, कमी हवेच्या पाण्यात तगणारी. एखादी खूप माशांत, एखादी शंभरात एखाद्यात. परिस्थिती बदलली की ज्याचा उपयोग होतो ते जनुक असलेल्यांची पिल्लं जास्त जगतात, आणि दुर्मीळ होतं ते दहा-बारा पिढ्यांत सगळीकडं दिसायला लागतं. कणगीत दहा वाणांचं मिसळलेलं भात असावं तसं. पाऊस कमी झाला तर त्यातलं हळवं वाण वर येतं, जास्त झाला तर गरवं. पण कणगीत ते असायला पाहिजे.

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला अलास्कातला. तिथं लोबर्ग नावाच्या तलावात १९८२ साली गळानं मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी विष घालून आधीचे मासे मारले. नंतर समुद्रातनं स्टिकलबॅक नावाचा काट्यांचा चिमुकला मासा आपणहून वर चढून तिथं वस्तीला आला. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या अंगावर चिलखतासारखे हाडाचे पत्रे असतात, दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत. १९९० साली तलावातले ९६ टक्के मासे अशा पूर्ण चिलखताचे. २००१ साली उरले ११ टक्के. बाकीच्यांचे पत्रे कमी झाले, गोड्या पाण्यातल्या जुन्या जातीसारखे. अकरा वर्षांत! हे चिलखत कमी-जास्त करणारं जनुक सापडलंय, त्याला ईडीए म्हणतात. पत्रे कमी करणारा त्याचा प्रकार समुद्रातल्या माशांत फार थोड्यांत, लपून असतो, आणि तो लाखो वर्षं जुना आहे. समुद्रात त्याचा काही उपयोग नाही, पण तो पूर्ण गेला नाही. तलावात आल्यावर कामाला आला.

सिल्व्हरसाइडच्या प्रयोगातले जुने मासे जपून ठेवले होते. २०१९ साली नीना थेरकिल्डसन आणि सोबत्यांनी त्यांची जनुकं वाचली. लहान-मोठं होण्यामागं एक जनुक नव्हतं, शेकडो जनुकं थोडी थोडी सरकली होती. एका गटात तर गुणसूत्राचा एक मोठा तुकडाच्या तुकडा बदलून गेला होता. म्हणजे वरून दोन्ही गट सारखेच खुरटलेले, आतून वाट वेगवेगळी. अशा वेळी "हे एक जनुक परत आणा, मासा मोठा होईल" असं औषध नसतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. समुद्रातल्या कॉड माशाचं उदाहरण सगळे देतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड इतका कमी झाला की १९९२ साली सरकारनं मासेमारीच बंद केली. त्याआधीची वर्षं तिथला कॉड लहान वयात, लहान अंगानं पैदाशीला यायला लागला होता, हे आकड्यांत दिसतं. ही उत्क्रांती असंच सगळे म्हणत होते. पण २०२१ साली शास्त्रज्ञांनी जुन्या संग्रहातले कॉडचे खवले आणि कानातली हाडं काढून जनुकं तपासली, नॉर्वेची १९०७ सालची, कॅनडाची १९४० ची, आणि आजच्या माशांशी ताडून बघितली. मोठा ठळक फरक सापडला नाही. एकतर बदल इतक्या जनुकांत विभागला गेलाय की वेगळा दिसत नाही, नाहीतर तो बराचसा परिस्थितीचा होता. त्यामुळं बारीक मासा दिसला की लगेच "जात बिघडली" म्हणणाऱ्यांपासूनही सांभाळून राहा. आणि याच अभ्यासातली चांगली बातमी अशी की कॉडची कणगी अजून रिकामी झालेली नाही.

आता घरी येऊया.

गेल्या सभेत एका जुन्या सभासदांनी एक प्रश्न विचारला होता, तो आमच्या डोक्यातनं जात नाही. विषय होता मोठे मासे थोडे राखून ठेवायचा. ते म्हणाले, "तलावात मोठा कटला सोडून फायदा काय वो? तो तिथं पिल्लं देतोय काय? आपण तर दरवर्षी बीज विकत आणतोय." सगळे हसले. पण आण्णांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचं वाहतं, चढतं पाणी लागतं. धरणाच्या वरच्या अंगाला पुरात थोडंफार जमत असेल, आपल्या गावतळ्यात नाही. तुम्ही तलावातला सगळ्यात मोठा कटला दहा वर्षं राखला तरी तो निपुत्रिकच मरणार.

मग या माशांची निवड होते कुठं? बीज केंद्रात. ओडिशात अंगुलला १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. म्हणूनच १० जुलैला आपण मत्स्यशेतकरी दिन करतो. त्याआधी बीज नदीतनं गोळा करावं लागायचं, म्हणजे आईबाप कोण हे नदी ठरवायची. त्यानंतर आईबाप माणूस ठरवायला लागला. आपल्या तळ्यातल्या प्रत्येक रोहूचे आईबाप कुणीतरी हातानं उचलून हौदात सोडलेले आहेत.

आणि इथंच कर्नाटकाचं नाव येतं. आंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल या दोघांनी कर्नाटकातल्या कार्प बीज केंद्रांत पैदाशीचे मासे कसे निवडतात, कधी बदलतात ते बारकाईनं बघितलं. १९८५ साली त्यांनी लिहिलं की जी रूढ पद्धत आहे तिच्यातनं नकळत उलटी निवड होते, वाढीच्या विरुद्ध. कुणी मुद्दाम करत नाही. १९९० साली दुसरा हिशोब मांडला, तो जवळच्या रक्ताचा. या केंद्रांत जवळचं रक्त वाढायचा वेग २ ते १७ टक्क्यांपर्यंत निघाला. सतरा टक्के म्हणजे काय ते कळायला एवढं पुरे, की सख्ख्या भावाबहिणीचं लग्न लावलं तर पिल्लात ते २५ टक्के होतं.

असं का होतं? कारण मादी फार अंडी देते. कटला, रोहू अंगाच्या किलोमागं लाखाच्या वर. पाच किलोच्या दोन-चार माद्या झाल्या की आख्ख्या तालुक्याची मागणी भागते. मग केंद्रवाला पन्नास जोड्या कशाला पाळेल? पाळायला जागा, खाद्य, माणूस लागतो. नर तर आणखी कमी ठेवतात. आणि नर कमी असले की हिशोब फार बिघडतो, तो असा. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले एकूण मासे. समजा ५० माद्या आणि २ नर. ५० गुणिले २ गुणिले ४ म्हणजे ४००, भागिले ५२, उत्तर पावणेआठ. हौदात बावन्न मासे दिसतायत, पण वारशाच्या हिशोबानं आठसुद्धा नाहीत! तेच २५ माद्या आणि २५ नर धरले तर उत्तर पुरे ५०. मासे दोन कमी, पण वारसा सहा पटीहून जास्त. मागच्या वर्षीच्याच पिल्लांतनं पुढचे आईबाप काढले की हे चक्र फिरत राहतं आणि कणगीतली वाणं एकेक करून कायमची जातात. मग पाणी बिघडलं, रोग आला, उन्हाळा लांबला की तगायला उपयोगी पडणारं जे जनुक असायला हवं होतं तेच नसतं.

सायप्रिनसचं दुखणं आपल्याला वेगळं सांगायला नको. कर्नाटकात वर्षानुवर्षं पाळलेला सायप्रिनस वर्ष भरायच्या आतच गाबोळीवर येतो, सगळं खाद्य अंड्यांत घालवतो, मांस धरत नाही. म्हणूनच बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या मत्स्य संशोधन केंद्रानं हंगेरीहून अमूर जातीचा सायप्रिनस आणून वाढवून बघितला. तो उशिरा वयात येतो आणि तोवर वाढत राहतो.

बिघडलेलं सुधारता येतं, तेही याच नियमानं. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगाच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं, म्हणजे सिफानं, नॉर्वेच्या संस्थेबरोबर १९९२ पासून रोहूवर काम सुरू केलं. पहिली गोष्ट काय केली? गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती अशा नद्यांतनं जंगली रोहू आणला आणि पाळीव रोहूत मिसळला. आधी कणगी भरून घेतली. मग प्रत्येक पिढीत झटपट वाढणाऱ्या कुळांतनंच आईबाप निवडले. पिढीमागं वाढीत सरासरी १७ टक्क्यांची भर पडली. १९९७ साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, या वाणाला 'जयंती' नाव दिलं. आपल्या आज्ज्या भातात जे करत आल्या तेच, फक्त वजनकाट्यावर आणि वहीत लिहून. तरीपण एक लक्षात ठेवा, 'जयंती' असं पाटीवर लिहिलं म्हणजे ते जयंतीच असतं असं नाही. दोन जोड्या जयंतीच्या आणून दहा वर्षं त्यांचीच पोरं-नातवंडं विकली तर तेही तिथंच येणार.

त्यामुळं कटला-रोहूच्या बाबतीत आपली सगळी ताकद बीज घेताना आहे, जाळं टाकताना नाही. दर किती आणि बोटुकली केवढी एवढंच विचारून आपण गाडी भरतो. यंदा आणखी तीन गोष्टी विचारायच्या, असं संचालक मंडळाचं मत आहे. पैदाशीला नर किती आणि माद्या किती. ते मूळ कुठनं आणले. आणि शेवटचे बदलले कधी. उत्तर देत नसेल तर तेही उत्तरच. आपल्या तलावात एखादा मासा बाकीच्यांच्या पुढं गेला असेल, तर तो बेळगावच्या बर्फात जायच्या आधी चांगल्या केंद्राला पैदाशीसाठी जिवंत देता येईल का, हेही बोलून बघायला हवं. बाजारापेक्षा दर कमी मिळेल, म्हणून सभेत चर्चा होऊ दे.

नदीची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. कणकुंबीला उगम पावून खालपर्यंत येणाऱ्या मलप्रभेत, तिच्या ओढ्या-नाल्यांत जो मासा आहे, मरळ, शिंगाळा, वाम, खडस, त्याचं बीज कुणी गाडीनं आणत नाही. तो स्वतःची पैदास स्वतः करतो, आणि त्याची निवड आपलं जाळं करतं. इथं आण्णांचं म्हणणं लागू होत नाही. इथं राखलेला मोठा मासा खरोखरच बियाणं आहे.

आणि इथंच आपण सगळ्यात वाईट वेळेला हात घालतो. पहिल्या पावसाला चढणीचा मासा निघतो, पोट गाबोळीनं गच्च, शेताच्या बांधापर्यंत वर येतो. काठी, कोयता, पाग, मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन गाव ओढ्यावर. आम्हीही लहानपणी केलंय, लपवण्यात काय अर्थ. त्या दिवसाची मजा वेगळीच असते. पण भाताच्या भाषेत सांगायचं तर ते पेरायला निघालेलं बियाणं वाटेत अडवून शिजवणं आहे. त्यातही जो सगळ्यात लांब, सगळ्यात वर चढतो तोच हमखास सापडतो.

जाळ्याच्या आसाबद्दल थोडं किचकट आहे. बारीक आसाचं जाळं वाईट हे सगळ्यांना मान्य, पिल्लंच उचलतं. पण नुसतं मोठ्या आसाचं जाळं म्हणजे सगळं भागलं असंही नाही. मोठी आस बारक्याला सोडते आणि मोठ्याला धरते, म्हणजे सिल्व्हरसाइडचा पहिला गट. मग काय बारीक आस वापरायची? मुळीच नाही, त्यानं तर कुणालाच वाढायला मिळत नाही. पिल्लं सोडायची हा नियम राहूच दे. महाराष्ट्र शासनानं २०२३ साली समुद्रातल्या ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली ती त्यासाठीच. त्याच्या जोडीला वरच्या टोकालाही थोडी सोडचिठ्ठी पाहिजे. फार मोठा, चार-पाच पावसाळे बघितलेला मासा जिवंत सापडला तर सोडायचा, किंवा एखादा डोह कायमचा बिनजाळ्याचा ठेवायचा. देवाच्या डोहातले मासे न मारायची चाल महाराष्ट्र-कर्नाटकात कितीतरी ठिकाणी आहे. कुणी विज्ञान सांगून ती सुरू केली नव्हती.

नदीत बाहेरचं बीज सोडायची टूम अधूनमधून निघते, त्याबद्दलही बोलू. खडस, म्हणजे दख्खनी महसीर, कृष्णेच्या खोऱ्यातला आपला मासा. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतला खडस बघून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली, मोठं कष्टाचं काम, आणि पिल्लं देशभर वाटली. त्यातली कावेरीत गेली. कावेरीत आधीपासून स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाकाय महसीर होता. बाहेरचा महसीर वाढत गेला तसा कुबडवाला कमी होत गेला, आणि २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच, पण सोडलेल्या बीजाकडंही शास्त्रज्ञांनी बोट दाखवलंय. हेतू चांगला, मासाही चांगला, फक्त नदी चुकली. म्हणून मलप्रभेत "मासा वाढवायला" कुठलंही बीज ओतायला आमचा तरी विरोध राहील. बंद तलावात काय सोडायचं ते सोडा.

आता ती ओळखायची रीत, सुरुवातीला कबूल केलेली. मासा वाढंना झाला तर दोष पाण्याचा की बीजाचा? दोन्ही बीजं एकाच तलावात सोडून बघायची. एकाच दिवशी, एकाच मापाची, तेवढीच संख्या. ओळख पटायला एका लॉटच्या बोटुकलीचा पोटाखालचा डावा पर बारीक कात्रीनं थोडा कातरायचा, दुसऱ्या लॉटचा उजवा. दोन्हींना कातरायचं, म्हणजे इजा सारखी. पाणी एक, खाद्य एक, दाटी एक. वर्षानं जाळं ओढून दोन्हींतले पन्नास-पन्नास तोलायचे. तेव्हाही एक लॉट मागं राहिला तर तो बीजाचाच दोष, मग केंद्रवाल्याशी वजनाची वही घेऊन बोलता येतं. दोन्ही सारखेच निघाले तर गेल्या वर्षीचा दोष आपल्या तलावाचा होता, आणि आपण ज्यांच्यावर चिडलो होतो त्यांची माफी मागू.

यंदा संस्थेच्या लहान तलावात हे करायचं ठरतंय. बोटुकली मोजायला आणि पर कातरायला दोन दिवस आठ-दहा माणसं लागतील, सकाळी ऊन चढायच्या आत. हात हलका असलेल्या बायका-पोरी आल्या तर काम लवकर होईल. चहा-नाश्ता संस्थेकडनं. बीज यायची तारीख पक्की झाली की इथंच टाकतो. कात्र्या ज्याच्या त्यानं आणायच्या, बारीक टोकाच्या.